ज्यांनी मुंबईला प्लेगची लस दिली, त्यांनाच एका बाटलीमुळे देश सोडावा लागला होता

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बघा.

नर्सबाई गोवर-रुबेलाच्या लसीची बाटली उघडतात, सोबत आलेलं द्रावण त्यात मिसळतात आणि लगेच बाटलीवर वेळ लिहितात. चार तास झाले की ती बाटली बाद. आत कितीही डोस उरलेले असोत, ते वापरायचे नाहीत. उशिरा आलेल्या एकाच बाळासाठीसुद्धा नवी बाटली उघडायची.

आपल्याला वाटतं, काय ही नासाडी! पण या नियमामागे एक साधी भीती आहे. लस कितीही चांगली असली, तरी उघडलेल्या बाटलीत बाहेरचे जंतू शिरले की तीच बाटली जीव घेऊ शकते.

असं आपल्या देशात खरंच घडलं होतं. साल होतं १९०२. बाटली मुंबईत परळला भरलेली होती. तिच्यामुळे १९ माणसं गेली आणि ज्या शास्त्रज्ञाच्या लसीने हजारोंचे जीव वाचवले होते, त्याच्यावर त्या मृत्यूंचा ठपका आला.

त्यांचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे.

प्लेग मुंबईत आला कसा?

हाफकिन यांच्या गोष्टीआधी प्लेगची गोष्ट समजून घ्यावी लागते.

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची मोठी साथ आली. आधीच्या काळात अशी साथ समुद्र ओलांडून यायला खूप वेळ लागायचा. पण आता वाफेवर चालणारी जहाजं आली होती. धान्य, कापड, अफू असा माल एका बंदरातून दुसऱ्या बंदरात झपाट्याने जात होता आणि त्या मालासोबत उंदीर आणि उंदरांवरच्या पिसवाही फुकटात प्रवास करत होत्या.

१८९६ च्या पावसाळ्यात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आसपास, उंदीर मरून पडायला लागले. मग माणसं आजारी पडायला लागली. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेग असल्याचं जाहीर केलं.

मुंबईत तेव्हा गिरण्यांचा जोर होता. गिरण्यांत काम करायला सगळ्यात जास्त माणूस आला होता तो रत्नागिरी जिल्ह्यातून. आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा चाकरमानी राहायचे. हवा नाही, उजेड नाही, कोपऱ्यात उंदीर. प्लेगला आणखी काय हवं होतं?

साथ वाढली तशी मुंबई रिकामी होऊ लागली. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत शहरातली जवळपास निम्मी माणसं बाहेर पडली असं सांगितलं जातं. कोकणात रेल्वे यायला अजून शंभर वर्षं होती. मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या माणसाला घरी जायला बोटच होती. ज्या बोटीने दर वर्षी पगाराचे पैसे आणि शहरातला खाऊ गावी यायचा, त्याच बोटीवर आता तापाने फणफणलेला माणूसही चढत होता. म्हणून सरकारने बंदराबंदरांवर उतारूंची तपासणी सुरू केली.

गंमत बघा. आगबोट, रेल्वे, गिरणी, वखार यातली एकही गोष्ट माणसं मारायला उभारलेली नव्हती. सगळ्या प्रगतीच्याच खुणा होत्या. पण प्लेगला देशभर पोहोचवलं ते यांनीच. पुढच्या काही दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून जास्त बळी घेतले.

ओडेसाचा मुलगा भारतात

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा नावाचं बंदर आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. त्या काळी रशियात ज्यू लोकांच्या वस्त्यांवर जमाव चालून यायचे. तरुण हाफकिन अशा हल्ल्यांच्या वेळी लोकांचा बचाव करणाऱ्या गटात होते. त्यासाठी त्यांना अटकही झाली.

विद्यापीठात त्यांना गुरू मिळाले इल्या मेचनिकोव्ह. याच मेचनिकोव्ह यांना पुढे नोबेल मिळालं. पण हाफकिन यांची हुशारी रशियात कामाला आली नाही. प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता आणि तो त्यांनी बदलला नाही.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना पहिली जागा मिळाली ती ग्रंथालयात, सहायकाची. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. तिथे त्यांनी कॉलराची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली.

लस खरी तपासायची तर जिथे कॉलरा आहे तिथे जायला हवं होतं. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. गावोगाव, चहाच्या मळ्यांत, बस्त्यांमध्ये फिरून पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. स्वतःला मलेरिया झाला, तब्येत ढासळली, युरोपला परत जावं लागलं. बरे झाल्यावर ते पुन्हा भारतात आले.

एक अडचण मात्र कायम होती. ते डॉक्टर नव्हते, जीवशास्त्रज्ञ होते. इंग्रज नव्हते, रशियन होते. त्यात ज्यू. लष्करी डॉक्टरांच्या त्या सरकारी जगात ते शेवटपर्यंत बाहेरचेच राहिले. काहींना तर ते रशियाचे हेर वाटायचे.

तुपाचे थेंब आणि पहिली सुई

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळाली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर प्लेगची लस बनवायची होती.

त्यांनी मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायला सुरुवात केली. गोमांस किंवा डुकराचं मांस वापरलं तर लोक लस घेणार नाहीत हे ओळखून बकऱ्याचं मांस घेतलं. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. भरपूर वाढले की रस्सा तापवून ते मारायचे. हीच लस. जिवंत जंतू आत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख पटते.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढा डोस दिला गेला, त्याच्या कितीतरी पट जास्त. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ पोहोचली. तिथल्या तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली आणि लस घेतलेल्यांचा बचाव होतोय हे दिसलं.

सगळ्यात बोलका आकडा आला दमणमधून. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या या छोट्या गावात १८९७ मध्ये सुमारे २,२०० लोकांनी लस घेतली, सुमारे ६,००० लोकांनी घेतली नाही. घेतलेल्यांपैकी शंभरात दोनपेक्षा कमी दगावले. न घेतलेल्यांपैकी शंभरात जवळजवळ पंचवीस.

तरी लोक घाबरायचेच. आणि त्यात लोकांची चूक नव्हती.

सरकार घरात घुसून रोगी शोधत होतं. बायकांची तपासणी पुरुष करत होते. घरातलं सामान रस्त्यावर काढून जाळलं जात होतं. माणूस इस्पितळात नेला की परत येत नाही, असं सगळ्यांनी पाहिलेलं. २९ ऑक्टोबर १८९६ ला जवळपास हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ज्या सरकारच्या शिपायाने दार तोडलं, त्याच सरकारची सुई दंडात कशी घ्यायची?

हाफकिन यांचं वेगळेपण इथेच होतं. ते सक्तीच्या विरोधात होते. आधी समजवायचं, मग टोचायचं, असा त्यांचा रिवाज. तरुण आगाखान यांनी जाहीरपणे लस घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. लसीसाठी जागाही आगाखान यांनी दिली. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. जिथे गव्हर्नरच्या मेजवान्या व्हायच्या, तिथे आता बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

मुलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातलं. पंजाब सरकारला लाखो डोस हवे होते आणि तेही लगेच.

एवढी लस जुन्या पद्धतीने होणं शक्य नव्हतं. हाफकिन यांनी उत्पादनाची पद्धत बदलली, वेग वाढवला. याच बदलात लसीत घातलं जाणारं कार्बोलिक ॲसिड वगळलं गेलं. हे ॲसिड जंतूंना रोखायचं. त्याऐवजी उष्णतेवर भरवसा ठेवला होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत आधीपासून वापरात होती, त्यामुळे ती काही हवेतली कल्पना नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबमधल्या गुजरात जिल्ह्यातलं मुलकोवाल गाव. हा भाग आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली. सगळे चालत आपापल्या घरी गेले.

आठवडाभराने काही जणांचे जबडे आवळायला लागले. मग मान, मग पाठ. धनुर्वात! एकामागून एक १९ जण गेले. हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटली क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही.

आज पायात गंजका खिळा घुसला की आपण धावत जाऊन इंजेक्शन घेतो. तेव्हा धनुर्वाताची लसच नव्हती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यांची बीजं उष्णतेलाही सहजासहजी दाद देत नाहीत आणि हवा नसलेल्या जागी ते जोमाने वाढतात. म्हणजे बंद बाटली किंवा सुईने पडलेली खोल जखम त्यांना आयतीच सापडते.

दोष कोणाचा?

चौकशीसाठी आयोग बसला. अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स. प्रश्न एकच होता. जंतू बाटलीत शिरले कुठे? परळच्या प्रयोगशाळेत, की मुलकोवालमध्ये बाटली उघडताना?

आयोगाचं उत्तर आलं, परळमध्ये. कार्बोलिक वगळण्यावर बोट ठेवलं गेलं. हाफकिन यांना पदावरून बाजूला केलं गेलं. १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले.

पण कागदपत्रं नीट वाचणाऱ्यांना काही गोष्टी खटकत होत्या.

पहिली गोष्ट, बाटली भरून ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर बाटलीला घाण वास आला असता. उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता.

दुसरी गोष्ट, बाटलीत आधीच विष तयार झालेलं असतं तर माणसं लवकर आजारी पडली असती. इथे आठवडा गेला होता. म्हणजे जंतू नुकतेच शिरले असण्याची शक्यता जास्त होती.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर धरून तापवायला हवा होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवला आणि बूच काढलं.

जमिनीवरची माती, चिमटा, बूच, बाटली. एवढाच प्रवास.

ही चूक एका माणसाने मुद्दाम केली होती का? अजिबात नाही. समोर रांग, हातात घाई, वरून आलेलं लक्ष्य. आपल्यापैकी कोणाच्याही हातून झाली असती.

लंडनमध्ये प्राध्यापक सिम्प्सन यांनी हाफकिन यांची बाजू मांडायला सुरुवात केली. मग रोनाल्ड रॉस उतरले. मलेरिया डासांमुळे पसरतो हे भारतात सिद्ध करून नोबेल मिळवलेले हेच ते रॉस. १९०७ च्या जुलैमध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नाही असं सांगितलं. फ्रान्समध्ये ज्यू अधिकारी ड्रेफस यांच्यावरचा खोटा खटला नुकताच संपला होता. लोकांनी हाफकिन यांच्या प्रकरणाला छोटा ड्रेफस खटला म्हणायला सुरुवात केली.

१९०७ च्या अखेरीस सरकारने त्यांच्यावरचा ठपका काढला.

परत आले, पण परळला नाही

हाफकिन भारतात परतले. पण परळची त्यांची प्रयोगशाळा दुसऱ्यांच्या हातात गेली होती. त्यांना नेमलं गेलं कलकत्त्याला, जिथे लस बनवायची सोयच नव्हती. मोठ्या चाचण्या करायची मुभाही राहिली नाही. ज्यांनी आयुष्यभर हातात सुई धरून काम केलं, त्यांच्या वाट्याला कागदावरचं संशोधन आलं.

वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण होताच ते निवृत्त झाले आणि १९१५ मध्ये भारत सोडून गेले. लग्न केलं नव्हतं. उतारवयात त्यांचा ओढा धर्माकडे वाढला. जवळचा पैसा त्यांनी ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ते वारले.

त्याआधी एक गोष्ट झाली होती. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आलं. तोवर तिथून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. पुढे याच आवारातून सर्पदंशावरचं औषध आणि पोलिओचे थेंब गावोगाव गेले.

मग यातून घ्यायचं काय?

ही गोष्ट सांगताना बहुतेक वेळा हाफकिन यांच्यावर कसा अन्याय झाला इथेच आपण थांबतो. अन्याय झाला हे खरंच. पण मुलकोवालच्या १९ जणांचं काय? ते साथीला घाबरून, सरकारवर विश्वास ठेवून रांगेत उभे राहिले होते. त्यांचा मृत्यू प्लेगने झाला नाही, उपचाराने झाला. आपल्या गोष्टीत त्यांचा फक्त आकडा उरतो.

हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, कारण त्यांना लस सुरक्षित आहे हे दाखवायचं होतं. पण लाखो बाटल्या भरायच्या असतील तर एका माणसाचा प्रामाणिकपणा पुरत नाही. प्रत्येक बाटली, प्रत्येक चिमटा, प्रत्येक हात तपासणारी व्यवस्था लागते.

मुलकोवालच्या एक वर्ष आधी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये असंच घडलं. घटसर्पावरच्या औषधात धनुर्वाताचं विष आलं आणि १३ मुलं दगावली. तिथे १९०२ मध्ये कायदाच झाला. लस आणि रक्तापासूनची औषधं बनवणाऱ्यांना परवाना आणि तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे चार-पाच वर्षं वाद चालला तो एका माणसाच्या दोषाचा.

आणि हे जुनं झालं म्हणून सोडूनही देता येत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये कारखान्यात वापरलं जाणारं विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंत प्रत्येक पायरीवर कोण चुकलं हे मांडलं. ग्रँट मेडिकल कॉलेज याच जे. जे.च्या आवारात आहे. ज्या आवारात हाफकिन यांनी स्वतःला सुई टोचून घेतली, त्याच आवारात नव्वद वर्षांनी हे घडलं.

म्हणून लस घेऊ नका असं कोणी सांगत असेल तर त्याला दमणचा आकडा दाखवा. आणि औषधाने कधीच कोणाचं वाईट होत नाही असं कोणी सांगत असेल तर त्याला मुलकोवालची गोष्ट सांगा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात, एकाच लसीबाबत घडल्या आहेत.

आज सुई एकदाच वापरता येते, दुसऱ्यांदा ओढताच येत नाही. बाटलीवर एक छोटी खूण असते, ती उष्णतेने काळवंडली की बाटली बाद. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. काही झालंच तर त्याची नोंद आणि चौकशी होते. चार तासांचा नियम थेट मुलकोवालमुळे आलेला नाही, पण भीती तीच आहे, उघड्या बाटलीची.

तेव्हा पुढच्या वेळी बाळाला घेऊन जाल, तेव्हा नर्सबाई बाटलीवर वेळ लिहितात का ते बघा. लिहिली नसेल तर न लाजता विचारा. त्यांना राग येणार नाही, आणि आला तरी विचारा.